दार आतून उघडतं

युसुफ मुकादम हा मुळात थंड डोक्याचा माणूस. दुबईतल्या अल कुसैसच्या कोल्ड स्टोअरमध्ये गोठवलेल्या मासळीच्या खोक्यांत ज्याचं अर्धं आयुष्य गेलं त्याचं डोकं तापणार तरी कसं, अशी त्याचे सोबती चेष्टा करत. पण या वर्षी ऑगस्ट संपायला आला आणि या थंड माणसाच्या पायाला भिंगरी लागली. हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून किचनमध्ये, किचनमधून पुन्हा हॉलमध्ये. घर दोन खोल्यांचं, त्यात माणसाने फेऱ्या घालायच्या तरी किती?

"एका जागी बसा बघू," त्याची बायको कुलसुम शेवटी वैतागली. "तुमच्याकडे बघून मला गरगरायला लागलंय."

कारण एकच होतं, सुमैय्या. लग्नानंतर फार वर्षांनी झालेली, एकुलती एक. सप्टेंबरमध्ये ती स्कॉटलंडला चालली होती, समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायला. बाप मेलेली मासळी मोजतो आणि पोरगी जिवंत मासळीच्या मागे एवढ्या लांब निघाली, हा विनोद युसुफने जमातीतल्या प्रत्येकाला किमान एकदा ऐकवला होता. सांगताना त्याची छाती फुगायची, आणि का फुगू नये? कोकणातल्या म्हसळ्याजवळच्या गावातून तो आला तेव्हा त्याला पासपोर्टवरची सहीसुद्धा धड येत नव्हती.

व्हिसा झाला, फी भरून झाली, तिकीट झालं. घोडं अडलं होतं ते खोलीपाशी. युनिव्हर्सिटीने हॉस्टेलमधली एक खोली देऊ केली होती. फोनवर एक बटण दाबलं की ती सुमैय्याची. रविवारी संध्याकाळपर्यंत दाबलं नाही, तर रांगेतल्या पुढच्याला. मग तिथे पोचल्यावर बॅगा घेऊन दारोदार फिरायचं, आणि तिथले घरमालक तर तिथलाच जामीन मागतात म्हणे. आता स्कॉटलंडमध्ये मुकादमांसाठी जामीन राहणारा कोण बसलाय?

आणि ही पोरगी बटण दाबत नव्हती.

आज रविवार उजाडला होता.

"सुमैय्या, दाबलंस का गं?"

"लेटर, अब्बा."

"लेटर म्हणजे कधी? संध्याकाळी खलास होणार ते."

"आय नो, अब्बा. आय विल मॅनेज."

हे 'मॅनेज' ऐकलं की युसुफची आणखी एक फेरी सुरू व्हायची. मॅनेज करायचं म्हणजे काय काय करायचं, याची यादी त्याला तोंडपाठ झाली होती. किचन पाच अनोळखी पोरींबरोबर वाटून घ्यायचं आणि फ्रिजमध्ये शेजारच्या कप्प्यात काय असेल ते अल्लाला ठाऊक. हलाल मटणाचं दुकान दोन बस बदलून. बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो आणि पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेचा कागद मागतात. डॉक्टरकडे आधी नाव नोंदवायचं, मग आजारी पडायचं. त्यातल्या त्यात प्लग तेवढे इथलेच चालतात, तीन चपट्या पिनांचे. तेवढीच एक काळजी कमी.

कुलसुमची तऱ्हा वेगळी. ती बॅग भरायची, बाथरूममधल्या वजनकाट्यावर चढवायची, वजन जास्त भरलं की स्वतःलाच चार शब्द सुनावायची. मग बॅगेतले कपडे काढायची आणि सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पिशवी आत सारायची. सुमैय्या पिशवी काढून कपडे भरायची. दोघी एकमेकींना काही बोलत नसत. पिशवी मात्र रोज आत-बाहेर करत होती.

युसुफला वाटत होतं, पोरगी घाबरलीय आणि घाबरलीय ती थंडीला. त्याला तसं वाटायला कारणही होतं. दोन दिवसांपूर्वी ती युनिव्हर्सिटीच्या कुठल्या बाईशी फोनवर बोलत होती, तेव्हा याने दाराआडून ऐकलं. वर्षाच्या मध्येच सोडून यावं लागलं तर काय होतं, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. त्याच संध्याकाळी तिने त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "अब्बा, माझा इथला रेसिडेन्स व्हिसा कधीपर्यंत आहे?"

"आहे की. सहा महिन्यांच्या आत एकदा इथे येऊन गेलीस की झालं. तुला कशाला त्याची काळजी?" असं म्हणून त्याने टीव्हीचा आवाज वाढवला होता.

दुबईत जन्मलेली पोर. थंडी म्हणजे तिच्या लेखी मॉलमधला एसी. करामाच्या बाजारातून तिला जाडजूड जॅकेट घेतलं होतं. साडेचारशे दिरहम, म्हणजे दहा हजार रुपये, असं कुलसुम दुकानातच मोठ्यांदा म्हणाली होती. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की हे घालून बर्फात झोपा. युसुफचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. दुपारची जेवणं झाल्यावर तो एकदम उठला.

"चल. जॅकेट घे. यल्ला."

"कुठे?"

"माझ्या कामावर. बघू दे, त्या जॅकेटात किती दम आहे."

सुमैय्याने आईकडे पाहिलं. कुलसुमने कपाळावर हात मारला, पण अडवलं नाही. नवरा घराबाहेर गेला तर फेऱ्या तरी थांबतील, असा तिचा हिशोब असावा.

कोल्ड स्टोअर घरापासून गाडीने जवळच. बाहेर ऊन असं की स्टीअरिंगला हात लाववत नव्हता, आणि सुमैय्या मांडीवर लोकरीची टोपी घेऊन बसली होती. रविवार असल्यामुळे डिस्पॅचला सामसूम होती. युसुफचा पुतण्या फहद तेवढा ड्युटीवर होता. चाचाला मुलीसकट बघून तो हसला. "काय चाचा, हिला पण नोकरीला लावता काय?"

युसुफ हसला नाही. त्याने सुमैय्याला मोठ्या फ्रीझरच्या दारापाशी नेलं, दार ओढलं आणि आतल्या बाजूचं हिरवं बटण दाखवलं. तळहाताएवढं, अंधारात चमकणारं.

"हे आधी बघ. दार मागून बंद झालं, दिवा गेला, काही झालं, तरी हे दाबलं की दार उघडतं. बाहेरून कडी असली तरी."

हा युसुफचा कायदा होता. नवा माणूस कामावर आला, मग तो केरळचा असो की नेपाळचा, की त्याचा स्वतःचा सख्खा पुतण्या, खोक्याला हात लावण्याआधी त्याला एकट्याला आत जावं लागे. दार बंद व्हायचं. त्याने आपल्या हाताने बटण दाबून बाहेर यायचं. तो येईपर्यंत युसुफ दाराबाहेर उभा. कुणी आतून धक्के मारायचे, कुणी रडकुंडीला यायचे, फहदने तर चाचाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. युसुफ उघडायचा नाही. पण त्या दारापासून हलायचाही नाही. हेड ऑफिसचा फोन वाजला तरी घ्यायचा नाही. लोक या कायद्याला हसत, पण त्याच्या हाताखाली आजवर एक माणूस आत अडकला नव्हता.

तो स्वतः अडकला होता. इथे नव्हे. पहिल्याच वर्षी, दुसऱ्या एका जुन्या स्टोअरमध्ये, जिथलं आतलं बटण मोडलेलं होतं. दारावर मारून मारून हात सुजले. शेवटी दार उघडलं, पण उघडणारे त्याला शोधायला आले नव्हते. झिंग्यांचं एक खोकं कमी भरत होतं, ते शोधायला आले होते. डाव्या करंगळीचं टोक तेव्हापासून बधिर आहे. पण करंगळीपेक्षा ते खोकंच त्याला जास्त लागलं होतं, आणि अजून लागत होतं.

"उणे अठरा आहे आत," तो म्हणाला. "जॅकेट कसं आहे ते बघ आणि ये बाहेर. मी इथेच आहे."

"आणि बटण नाही दाबलं तर?"

"तर काही नाही. मी उघडणार नाही. रूल इज रूल."

सुमैय्याने टोपी कानांवर ओढली आणि आत गेली. दार धप्प करून बसलं.

आता इतकी वर्षं युसुफ या दाराबाहेर उभा राहिला होता, आणि एकदाही त्याने दाराला कान लावला नव्हता. आज लावला, पण एवढ्या जाड दारातून काय ऐकू येणार! कंप्रेसरची घरघर तेवढी. बटण नीट चालतं ना? सकाळी कुणी तपासलं का? काल तपासलं होतं, त्याने स्वतःच. मग काय झालं, काल आणि आज सारखेच असतात का? ती पडली तर? तिथे खोलीत पडली तर? तिथे तर दाराबाहेर कुणीच नाही, पाच अनोळखी पोरी, त्याही आपापल्या दाराआड. त्याने कपाळावरचा घाम पुसला. फहद लांबून त्याच्याकडे बघत होता.

युसुफने दार ओढलं.

सुमैय्या दाराला अगदी चिकटून उभी होती. पापण्यांवर बारीक दहिवर, गाल लाल, आणि हात त्या हिरव्या बटणावर.

"तुम्ही उघडलंत," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे, मी जॅकेट…"

"अब्बा, तुम्ही उघडलंत! फहदभाईला नव्हतं उघडलं."

युसुफची ततपप झाली. चोरी पकडलेल्या माणसासारखा तो दाराच्या मुठीकडे बघत राहिला. मग बापाचा आवाज काढून म्हणाला, "आणि तू? हात तर बटणावर होता. दाबत का नव्हतीस? तिथेही असंच चाललंय तुझं. फोनवरचं दाबत नाहीस, हेही दाबत नाहीस. थंडी सोसत नसेल तर सरळ सांग. माझी काय इज्जत जाईल ती जाईल."

"थंडीचं काही नाही. जॅकेट इज फाइन."

"मग?"

सुमैय्या बाहेर आली. दार तिने स्वतः लावलं. आणि ही इंग्रजीत उत्तरं देणारी पोरगी एकदम घरच्या बोलीत बोलायला लागली, तेव्हाच युसुफने ओळखलं की आता काही खरं नाही.

"बटण दाबलं की बाहेर यायचं, बरोबर? पण बाहेर म्हणजे कुठे, अब्बा? डिसेंबरनंतर हे स्टोअर बंद होणार. नवीन मालक सगळं जबल अलीला नेणार, आणि जुन्या माणसांना सोडणार. तुम्हालासुद्धा. खरं ना?"

युसुफने फहदकडे असं पाहिलं की तो बिचारा खोक्यांच्या एका ढिगाआड दिसेनासा झाला.

"त्याला ओरडू नका. तुम्ही का नाही सांगितलंत?"

काय सांगणार होता? इथलं घर म्हणजे नोकरीच्या खुंटीला टांगलेलं. नोकरी गेली की त्याचा व्हिसा गेला, कुलसुमचा गेला, सुमैय्याचा गेला. ती इथे जन्मली याला कुणी विचारत नाही. एकदा तिचं विमान सुटू दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं होतं आणि जून महिन्यापासून तोंडाला कुलूप लावलं होतं. फेऱ्या त्यापायीच होत्या. पायांना कुलूप लावता येत नाही.

"मी तिथे आजारी पडले, नाही जमलं, तर कुठे येऊ?" सुमैय्याने टोपी डोक्यावरून ओढून काढली. "माझी खोली, माझी शाळा, माझ्या मैत्रिणी, सगळं इथे. आणि इथे कुणीच नसणार. गावाला मी दर मे महिन्यात जाणारी पाहुणी आहे, अब्बा. मला तिथे रात्री दिव्याचं बटणसुद्धा सापडत नाही. तुम्ही म्हणता, आधी बाहेर यायचा रस्ता बघ, मग आत जा. मी तोच बघत होते."

युसुफ एका रिकाम्या लाकडी पॅलेटवर बसला. खोटं बोलायचं झालं असतं तर सोपं होतं. दुसरी नोकरी बघितली आहे, इन्शाल्ला सगळं होईल, असं काहीही चाललं असतं. पण हिने त्याचाच कायदा त्याच्यासमोर ठेवला होता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "डिसेंबरनंतर मी इथे असेन की म्हसळ्याला, मला खरंच माहीत नाही, बाळा. मी घाबरलोय."

हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलला. सुमैय्या त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने अंगातलं जॅकेट काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"आता तुम्ही जा आत."

"मी? मी रोज जातो."

"बाहेर कुणी उभं असताना नाही गेलात. जा. मला बघायचंय, बाहेरच्याला काय होतं."

जॅकेट त्याला तोकडं होत होतं. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या. ते तसंच चढवून तो आत गेला आणि दार बसलं.

आत सगळं ओळखीचं होतं, सुरमईची खोकी, कोळंबीची खोकी, कोपऱ्यातला करकरणारा पंखा. तरी आज ते दार त्याला वेगळंच वाटलं. पलीकडे त्याची मुलगी होती आणि ती त्याच्यासाठी उभी होती. इतकी वर्षं त्याने लोकांना या दाराआड ढकललं, पण आतल्या माणसाला बाहेरच्याचा इतका आधार वाटतो हे त्याला माहीत नव्हतं. ती उघडेल, असं त्याला वाटलं. शेवटी पोरच ती, धीर सुटेल. मग त्याच्या ध्यानात आलं की तिने उघडावं असंच आपल्याला वाटतंय. डोळ्यांत आलेलं पाणी तिथल्या थंडीत झोंबायला लागलं. दार काही उघडलं नाही. त्याने बधिर करंगळीसकट सगळा पंजा त्या हिरव्या बटणावर ठेवला आणि दाबला.

सुमैय्या समोरच होती. एक पाऊलसुद्धा हलली नव्हती. दोन्ही हात तिने पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते, उघडायला पुढे जाऊ नयेत म्हणून. चेहरा रडून ओला झाला होता.

"किती वेळ लावलात!" तिने त्याच्या दंडावर एक गुद्दा मारला. "फहदभाई म्हणाला, चहा घे. मी म्हटलं, नाही. मला वाटलं, तुम्ही पडलात. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम… किती घाणेरडं आहे हे! तुम्ही सगळ्यांसाठी असेच उभे राहता?"

"हो."

"आणि माझ्यासाठी? इथून गेल्यावर?"

"जिथे असेन तिथे उभा राहीन," युसुफ म्हणाला. "इथे, नाहीतर म्हसळ्याला. दुसरं मला काही येत नाही."

सुमैय्याने नाक पुसलं. जॅकेट त्याच्या अंगातून ओढून काढलं आणि जॅकेटच्या खिशातून स्वतःचा फोन बाहेर घेतला. फोन गारठून बंद पडला होता. तो चालू होईपर्यंत दोघांचा जीव टांगणीला लागला. युसुफ फोनवर फुंकर घालत होता, जणू चहाच आहे. शेवटी पडदा उजळला. तिने एकदा बापाकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"झालं?"

"झालं. पण एक कंडिशन आहे. अम्मीला आजच सांगायचं."

ही कंडिशन उणे अठरापेक्षा कडक होती. पण संध्याकाळी युसुफने सांगितलं. कुलसुम सोड्यांची पिशवी हातात घेऊन ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती खाली बसली. थोडा वेळ तिने डोळ्यांना पदर लावला. मग एकदम उसळली.

"म्हणून घालत होता त्या फेऱ्या? आणि मी इथे मेले दुआ करून करून. मला वाटलं, तुमच्या छातीत दुखतंय आणि तुम्ही सांगत नाही!"

त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने गावच्या घरातल्या दिव्यांची बटणं कुठे कुठे आहेत ते सुमैय्याला जेवता जेवता सांगितलं. सोडे मात्र बॅगेत गेले आणि या वेळी ते कुणी बाहेर काढले नाहीत.

विमानतळावर निरोप द्यायला आलेल्या माणसांना एका जागेपुढे जाऊ देत नाहीत. तिथे कुलसुमने कुराणातली आयतुल कुर्सी पढून मुलीच्या तोंडावर फुंकर मारली, सुमैय्याने दोघांना मिठी मारली आणि ती आत गेली. जॅकेट हातावर होतं. वळणावर तिने एकदा मागे पाहिलं आणि मग गर्दीत दिसेनाशी झाली.

कुलसुम थोडा वेळ थांबली, डोळे पुसले, पुन्हा थोडी थांबली. मग तिने त्याची बाही ओढली. "चला आता. गेली ती."

युसुफ जागचा हलला नाही.

"अहो, लोक बघतायत. तो पोलीससुद्धा बघतोय. चला घरी."

"विमान सुटू दे."

"इथून दिसणार आहे का विमान?"

ते दिसणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. मागून ट्रॉल्या येत होत्या, कुणी कुणाला मिठ्या मारत होतं, कुणाची तरी लहान पोरं रडत होती. लोक त्याला वळसा घालून पुढे जात होते. एवढे दिवस ज्याचे पाय ठरत नव्हते तो माणूस तिथे रोवल्यासारखा उभा होता. कुलसुमने सुस्कारा टाकला, पर्स छातीशी धरली आणि तीही त्याच्या बाजूला उभी राहिली.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. सुमैय्याचा मेसेज होता. विमानात बसले, खिडकी मिळाली, आता फोन बंद करायला सांगतायत. त्याच्याखाली आणखी एक ओळ आली, "अब्बा, तुम्ही अजून तिथेच उभे आहात का?"

युसुफने चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि बधिर नसलेल्या बोटाने एकच अक्षर लिहिलं, "हो."